सोनालीचा साप खातो काय?

मांजरांचं काय घेऊन बसलात यार, आमच्या लेकीने साप पाळला होता! चौऱ्याऐंशी साल असेल, आम्ही अमेरिकेत ट्रॉयला राहायचो. सोनालीला दहाव्या वाढदिवसाला सापच हवा होता. बायको आठवडाभर नाही नाही म्हणाली आणि शेवटी मला म्हणाली, "दुकानात मीही येते. तुम्ही कसलंही ध्यान उचलून आणाल."

दुकानात सोनाली एका केशरी सापासमोरून हलेचना. कॉर्न स्नेक. खरंच देखणा होता हो! दुकानदार म्हणाला, "अगदी गरीब आहे. आठवड्याला एक उंदीर दिला की झालं."

"उंदीर?" बायको कडाडली. "गणपतीचं वाहन! माझ्या घरात चालणार नाही."

पुढचा सापही उंदीरच खाणारा. त्याच्या पुढचाही. सोनाली रडकुंडीला आली. तेव्हा दुकानदाराने कोपऱ्यातला पिवळ्या पट्ट्यांचा गार्टर स्नेक दाखवला. "हा मासे खातो."

बायको मालवणची. तिचा चेहराच खुलला. "मासे? मग घेऊ या की!"

"बट आई," सोनाली म्हणाली, "व्हॉट अबाउट मत्स्यावतार?"

"गप्प बस. तो आपण दर रविवारी खातो."

घरी आल्यावर मात्र बायको काचेच्या पेटीपासून दहा फूट लांब उभी राहिली. सोनालीने चिमट्याने माशाचा तुकडा आत धरला. सापाने तोंड उघडलं, आणि मागून बायको जोरात किंचाळली. मला वाटलं, घाबरली.

"अगं, आधी काटा काढ! घशात अडकेल ना त्याच्या!"