एकाच भट्टीची तीन शिफारसपत्रं

रुद्रमुनी: अगं, पण दावणगिरीत येऊन मंडक्की-मिरची न खाता जाणार? चौडप्पाला पाठवतो. कोपऱ्यावरचा मिरचीची भजी गरमागरम काढतो.

विनुता: नको सर. आमचा बाप चुरमुऱ्यांच्या भट्टीवर राबला. मला मंडक्कीचं कौतुक नाही.

रुद्रमुनी: हो की! भट्टीवर होते नाही का तुझे वडील? विसरलोच बघ.

विनुता: तुम्ही कसे विसराल? दरवर्षी त्यांच्यावर पत्र पाठवता.

रुद्रमुनी: म्हणजे?

विनुता: ही तीन पत्रं बघा. आमच्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी यंदा तुमच्या डिपार्टमेंटमधून आलेली. तिन्हीवर तुमची सही. वाचू? "ही मुलगी पहाटेपासून वडिलांबरोबर मंडक्कीच्या भट्टीवर उभी असते, तापलेली वाळू चाळते, आणि साडेआठला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर हजर असते."

रुद्रमुनी: छान लिहिलंय.

विनुता: मीच लिहिलंय सर. नऊ वर्षांपूर्वी, याच खोलीच्या बाहेर, बाकावर बसून.

रुद्रमुनी: असं होय.

विनुता: हे पहिलं पत्र तेजस्विनीचं. तिच्या वडिलांची चन्नगिरीला सुपारीची वखार आहे. दुसरं प्रीतमचं. त्याचे वडील दातांचे डॉक्टर. त्यानं "मुलगी"चा "मुलगा" केलाय, पण खाली एका ठिकाणी "ती" राहून गेलीय. तिसऱ्या पोरीचं मी पूर्ण वाचलंसुद्धा नाही, पहिल्या ओळीलाच बाजूला ठेवलं. माझ्या अप्पांना मी एकुलती एक, सर. ही तीन लेकरं त्यांना कधी झाली?

रुद्रमुनी: विनुता, तू चिडू नकोस. पोरं घाईत काहीतरी करतात. मी काय प्रत्येक पत्र वाचत बसू? पद्धत तुला ठाऊक आहे. पोरांनी लिहून आणायचं, आम्ही सही ठोकायची. सगळ्या कॉलेजांत हेच चालतं.

विनुता: पोरांना नमुन्याची फाइल कोण देतं?

रुद्रमुनी: आता त्यांना लिहिता येत नाही म्हणून...

विनुता: काल प्रीतमला फोन केला होता मी. म्हणाला, सरांनी सांगितलंय, भट्टीची ओळ काढू नका, त्या ओळीवर काम होतं.

रुद्रमुनी: गाढव आहे तो.

विनुता: गाढव आहे, पण खोटं बोलला नाही.

रुद्रमुनी: बरं, चुकलं. पोरांना झापतो मी. नवीन पत्रं देतो तिघांना. झालं? एवढ्यासाठी बंगळूरहून आलीस? फोन केला असतास तरी भागलं असतं.

विनुता: एवढ्यासाठी नाही आले. जपानच्या इंटर्नशिपसाठी आलेय.

रुद्रमुनी: कसली जपानची?

विनुता: नऊ वर्षांपूर्वीची, दोन महिन्यांची. विमानाचा खर्च त्यांचा, राहणं-जेवण त्यांचं, आणि काम पसंत पडलं तर पुढचं शिक्षण त्यांच्याकडे. आपल्या भागातून एक जागा होती. तुम्ही म्हणालात, "पत्र लिहून आण, आणि कागद नको, पेन ड्राइव्हवर दे, मी जरा सुधारतो." सुधारलंत तुम्ही. भट्टीची ओळ काढलीत, नाव बदललंत आणि तुमच्या मेव्हण्याच्या प्रज्वलसाठी पाठवून दिलंत. माझं पाठवलंत चार दिवसांनी.

रुद्रमुनी: कुणी सांगितलं हे तुला?

विनुता: प्रज्वलनं. बंगळूरला एका लग्नात भेटला. दोन पेले झाल्यावर स्वतःहून सांगितलं, वर हसला. म्हणाला, "तुझ्या पत्रावर गेलो ना मी! काय मस्त लिहितेस तू!"

रुद्रमुनी: प्यायलेल्या माणसाचं काय धरून बसतेस?

विनुता: जपानवाल्यांचं पत्र प्यायलेलं नव्हतं. "आपलं शिफारसपत्र दुसऱ्या उमेदवाराच्या पत्राची नक्कल असल्याचं आढळलं. पाच वर्षं आपला अर्ज विचारात घेतला जाणार नाही." तुमच्याकडे धावत आले होते मी. आठवतंय? तुम्ही काय म्हणालात?

रुद्रमुनी: आठवत नाही.

विनुता: मला आठवतं. "कॉपी करताना अक्कल वापरायची असते गं." वर्गासमोर म्हणालात. पुढचं अख्खं वर्ष पोरं मला "झेरॉक्स" म्हणायची.

रुद्रमुनी: आज तू एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहेस. शिष्यवृत्त्या वाटतेस. देवानं दिलंच ना तुला?

विनुता: देवानं नाही दिलं. चार वर्षं ट्यूशन घेऊन, दोनदा परीक्षा देऊन मी मिळवलं. आणि जे गेलं ते गेलंच. मला राग आहे सर. थोडाथोडका नाही. सकाळी दात घासताना राग येतो. कुणी "शिफारस" म्हटलं तरी येतो. या नोकरीत आल्यावर आधी जुने अर्ज उपसले, का माहीत आहे? तुमची सही शोधायला. सहा वर्षांत सहा वेळा अप्पांची भट्टी सापडली. यंदाची तीन, आणि माझं मूळ पत्र. सगळं एका फाइलला लावलंय. ही मेल बघा. तुमच्या मॅनेजमेंटला, आणि प्रत आमच्या सगळ्या ट्रस्टींना.

रुद्रमुनी: वेड लागलंय का तुला! पहिल्या तारखेला मी प्रिन्सिपल होतोय. ऑर्डर निघालीय.

विनुता: म्हणून तर आज आले. मागच्या महिन्यात आले असते तर तुमचं एवढंसंच गेलं असतं.

रुद्रमुनी: विनुता... हे बघा, विनुता मॅडम. बसा. शांतपणे बोलू. चौडप्पा! ए चौडप्पा! दोन चहा!

चौडप्पा: आणलाय सर, दारातच होतो. अक्का, तुम्हाला कमी साखरेचा. अजून तसाच घेता ना?

विनुता: तसाच. कसे आहात चौडण्णा?

चौडप्पा: आहे की. लॅबची किल्ली अजून माझ्याकडंच आहे. दोन वर्षं राहिलीत नोकरीची.

रुद्रमुनी: ठेव आणि जा.

विनुता: राहू देत. त्यांच्यापासून काय लपवायचंय? अख्ख्या कॉलेजला कळणारच आहे.

रुद्रमुनी: मॅडम, तुमचा नियम मला पाठ आहे. शिफारस करणारा खोटा निघाला तर अर्ज बाद. मेल पाठवलीत की तिन्ही पोरं आज पाचलाच गेली. मुदत आज पाचलाच संपते ना? मला मारायला जाल आणि तीन लेकरांचं वाटोळं कराल.

विनुता: करते. खोट्या पत्रावर आलेत, खोट्या पत्रानं जातील.

रुद्रमुनी: बोलणं सोपं आहे.

विनुता: घड्याळ बघा. साडेतीन झालेत. चहा संपला की पाठवते.

चौडप्पा: अक्का, तिसरं पत्र कुणाचं आहे?

विनुता: कुणीतरी शाइस्ता. अकोल्याची असो नाहीतर अनंतपूरची, मला काय?

चौडप्पा: इथलीच आहे. नन्नेसाबची शाइस्ता. अक्का, ती खरी आहे.

विनुता: खरी म्हणजे?

चौडप्पा: नन्नेसाब तुमच्या अप्पांच्या जागेवर लागला ना, अप्पांनी काम सोडल्यावर. तीच भट्टी. पोरगी पहाटे वाळू चाळते आणि इथं येते. केसांत भाताचं तूस असतं, मीच सांगतो, झटक बाई. सरांनी फाइल दिली तेव्हा माझ्याकडं आली होती. म्हणाली, "चौडण्णा, हे कुणी लिहिलंय? सगळं माझंच आहे. मी काय बदलू?" शेवटी बापाचं नाव तेवढं बदललं.

विनुता: तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?

चौडप्पा: कुणाला सांगू? मला कोण विचारतं?

रुद्रमुनी: बघा! बघा मॅडम! मी म्हणत नव्हतो? गरिबाची पोर आहे. आता पाठवा बघू ती मेल. उद्या शाइस्ताला तुमच्याच ट्रस्टचं पत्र जाईल, "नक्कल आढळली". ओळख पटते का? तुम्ही तिचे रुद्रमुनी झालात म्हणायचं.

विनुता: गप्प बसा.

रुद्रमुनी: मी कशाला गप्प बसू? माझी सही चालली तरच ती पोर पुढं जाईल. आणि माझी सही चालायची असेल, तर ती फाइल पर्समध्ये परत जाईल. मी तिला नवीन पत्र देतो, झकास. तुम्ही बंगळूरला जा. मी प्रिन्सिपल होतो. ती शिकते. सगळ्यांचं भलं.

(विनुता तिसरं पत्र पहिल्यापासून वाचते. चहावर साय धरते.)

विनुता: सर, शाइस्ता दिसायला कशी आहे?

रुद्रमुनी: अं? अशीच... म्हणजे मुलीसारखी.

विनुता: कुठं बसते?

रुद्रमुनी: साठ पोरं असतात मॅडम वर्गात.

विनुता: चौडण्णा, कुठं बसते?

चौडप्पा: मागं, पंख्याखाली. तिथं तुसाचा वास येत नाही कुणाला. सर तिला "ए पंखा" म्हणतात.

विनुता: किती वर्षं ओळखता तिला?

चौडप्पा: पहिल्या वर्षापासून. तीन वर्षं झाली की.

विनुता: आमचा नियम मीच लिहिलाय. ऐका. "शिफारस करणारी व्यक्ती त्याच कॉलेजच्या नोकरीत असावी आणि विद्यार्थ्याला किमान दोन वर्षं जवळून ओळखत असावी." प्राध्यापक असावी, असं कुठंही नाही.

रुद्रमुनी: हा शिपाई आहे! लोक हसतील.

विनुता: हसू देत. माझ्यावर हसायची सवय आहे लोकांना. चौडण्णा, द्याल पत्र?

चौडप्पा: मी? अक्का, मला इंग्रजी कुठं येतंय?

विनुता: कन्नडमध्ये लिहा. तुम्हाला जे दिसलं तेवढंच. वाढवून काही नको.

रुद्रमुनी: चौडप्पा, दोन वर्षं राहिलीत तुझी. विचार कर. पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावरून जातात.

चौडप्पा: पहिल्या तारखेपर्यंत टेबल कुणाचं असंल, बघू की सर. अक्का, पेन द्या. मोठ्यानं बोलत लिहितो, नाहीतर हात चालत नाही माझा. "शाइस्ता नन्नेसाब. रोज आठला येते. लॅबमधला मोठा मीटर दोन वर्षं बंद होता, सरांनी तो भंगारात लिहून टाकला होता. हिनं उघडला, तीन दिवस डबा खाता खाता त्याच्यात बघत बसली आणि चालू केला. आता पोरं त्याच्यावरच प्रॅक्टिकल करतात. तिनं केला हे कुणाला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही." एवढं पुरे?

विनुता: पुरे. मी तीनशे प्राध्यापकांची पत्रं वाचलीत यंदा. असं एकही नाही. खाली सही करा. हुद्दा लिहा.

चौडप्पा: शिपाईच लिहू?

विनुता: ठसठशीत लिहा. फोटो काढते... चढलं पोर्टलवर. चार वाजून दहा मिनिटं. शाइस्ताचा अर्ज पक्का. तेजस्विनी आणि प्रीतमला मी फोन करते. पुढच्या वर्षी स्वतःच्या बापाबद्दल लिहा म्हणून सांगते.

रुद्रमुनी: झालं ना तुमच्या मनासारखं? आता ती मेल राहू द्या. मॅडम, घरी सांगितलंय मी. बायकोनं साडी घेतलीय त्या दिवसासाठी.

विनुता: अप्पांनी मला स्वेटर घेतलं होतं. जपानात थंडी असते म्हणून.

रुद्रमुनी: हात जोडतो.

विनुता: बघतेय. बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू?

रुद्रमुनी: अहो, थांबा, बोट काढा त्याच्यावरून...

विनुता: गेली.

चौडप्पा: पोचली का हो अक्का?

विनुता: सगळ्यांना पोचली.

रुद्रमुनी: संपवलंत तुम्ही मला. तीस वर्षांची नोकरी. ठीक आहे, चुकलो मी. तुमच्या वडिलांकडे येतो आत्ता, तुमच्याबरोबर. त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. ते सांगतील तुम्हाला, मेल मागं घे म्हणून. भला माणूस आहे तो, मला ठाऊक आहे. माफ करेल मला.

विनुता: करतील. म्हणूनच नऊ वर्षं मी त्यांना तुमचं नाव सांगितलेलं नाही.