सेहेचाळीसने संपणारा नंबर

हॅलो?

हो, हो… मीच केला होता आत्ता. त्या नंबरवर. मिसेस रीगर ना?

मी मारेन. मारेन टॉलेफसन. हॉस्पिटलमधून बोलतेय… नाही, नाही, कुणाला काही झालेलं नाही. कुणी दाखल नाही. तसला फोन नाही हा. माफ करा, आधी तेच सांगायला हवं होतं.

टॉलेफसन. खडीच्या खाणीपलीकडचे… हो, त्यांचीच धाकटी. तुम्ही चालवायचात त्या चार नंबरच्या स्कूलबसमधली… हो. पुढच्या सीटवर बसून ओकायची ती मीच. तुम्ही माझ्यासाठी आइस्क्रीमची रिकामी बादली ठेवायचात.

नाही, चुकून नाही लागला. मिस्टर रीगरांच्याच मोबाइलवर केला होता, मुद्दाम… माहीत आहे. माहीत आहे मला, दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. मला वाटलं नंबर बंद असेल, नाहीतर दुसऱ्या कुणाला दिला असेल. आणि पलीकडून तेच बोलले. ते रेकॉर्ड केलेलं… 'मी आर्लिन, आत्ता उचलू शकत नाही'… माझ्या हातातला कॉफीचा कप पडला, खरंच सांगते.

नाही, मेसेज नाही ठेवला. जागा नाही म्हणाला. मेसेजची पेटी भरलेली आहे म्हणून.

…हो. नाही, मी काही विचारत नाहीये त्याबद्दल. तुमचा प्रश्न आहे तो.

मिसेस रीगर, किती वाजलेत तुमच्या घड्याळात? … दोन वीस. माझ्याही. म्हणजे चाळीस मिनिटं आहेत. अहो, ऐका ना, मी पटकन सांगते, मग हवं तर फोन ठेवा.

साथीच्या पहिल्या वर्षी सरकारने सगळ्या हॉस्पिटलांच्या खात्यात पैसे टाकले, आठवतं? न मागता. आपल्याला तेवीस लाख डॉलर आले… हो, मिस्टर रीगरांनी घरी सांगितलं असणारच, हिशेब तेच बघायचे. तर अट अशी, की ते पैसे कशावर खर्च केले हे नंतर सरकारला कळवायचं. त्यांनी नाव नोंदवलं, स्वतःचा ईमेल दिला, स्वतःचा मोबाइल दिला. ते जानेवारीत. आणि फेब्रुवारीत…

हो.

मग सरकारची आठवण करून देणारी पत्रं त्यांच्या ईमेलवर येत राहिली. तो ईमेल कुणी बंद केला नाही आणि कुणी उघडलाही नाही. आम्हाला वाटलं बाहेरचे ऑडिटर अहवाल पाठवतायत, ऑडिटरना वाटलं आम्ही. अकरा दिवसांपूर्वी कागदी पत्र आलं, तेव्हा मी तो ईमेल उघडला. सतरा पत्रं. पहिलं अगदी गोड. शेवटच्यात 'संपूर्ण रक्कम परत करावी' असं.

विनवण्या करून मुदत मागितली. आज पाचपर्यंत दिली. आणि आम्ही सगळे शहाणे सकाळपासून पाच धरून बसलो. ते पाच वॉशिंग्टनचे, मिसेस रीगर. मोंटानाचे तीन. दुपारी दीडला माझ्या डोक्यात उजेड पडला.

परत केले तर? … चौदा खाटांचं हॉस्पिटल आहे हे. मग बँकेत उरतील ते पैसे एकोणचाळीस दिवस पुरतील. मीच काढलाय तो आकडा. मग बंद. मग छातीत दुखलं तरी नव्वद मैल, आणि घाटात बर्फ असलं तर तेही नाही… नाही हो, तुम्हाला घाबरवत नाहीये. मीच घाबरलेय. सकाळपासून दोनदा बाथरूममध्ये जाऊन आले. तुमच्या बादलीची आठवण आली.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. पासवर्ड त्यांच्या निळ्या वहीत सापडला. पण तो टाकला की साइट सहा अंकी कोड पाठवते, आणि स्क्रीनवर म्हणते, 'सेहेचाळीसने संपणाऱ्या नंबरवर पाठवला आहे.' तो नंबर तुमच्या घरात आहे.

…हो. ऐकतेय.

…हो. दारातच थांबवलं होतं तुम्हाला. … दुधाच्या क्रेटवर उभ्या राहून, खिडकीच्या काचेतून त्यांना बघत होतात, उणे वीसमध्ये. मी पाहिलं होतं. … नाही, दारावर मी नव्हते, मी तेव्हा लॅबमध्ये. … सांगू का? त्यांची टेस्ट मीच लावली होती. ती दुसरी रेघ तुमच्याआधी, त्यांच्याआधी मी पाहिली.

… नियम होता तो. बरोबर होता का? विषाणूच्या बाजूने पाहिलं तर होता. बाकी कुठल्याच बाजूने नव्हता. … नाही, हॉस्पिटलच्या वतीने माफी मागण्याएवढी मी कुणी नाही. माझ्यापुरती मागते.

…

मिसेस रीगर? आहात ना?

हो. थांबते ना, थांबते. रिसीव्हर ओट्यावर नुसता ठेवा, जागेवर ठेवू नका. कोड आत्ता पाठवतेय. दहाच मिनिटं चालतो.

…

दोन सव्वीस.

… हो डग, त्याच आहेत. बेडरूममध्ये गेल्यात, मोबाइल तिथे आहे. … हेल्पलाइनला विचारलंय मी, नंबर बदलायला दहा दिवस लागतात, सुट्ट्या सोडून. … असे माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहू नका ना, प्लीज. बसा तरी.

… हां, बोला, बोला. चार… शून्य… सात… दोन दोन… नऊ. …

'चुकीचा' म्हणतोय.

नाही, तुमचं नाही चुकलं. त्या मेसेजवर वेळ काय होती? … एक बावन्न? तो मघाचा, जुना. मी एकदा उगाच मागवला होता. त्याच्या खालचा हवा, सगळ्यात शेवटचा… हो, परत जावं लागेल. तो मोबाइलच घेऊन या ना स्वयंपाकघरात… का? … चार्जरवरून काढला की बंद पडतो. मग नका काढू, अजिबात नका. कागद घेऊन जा आणि लिहून आणा. सावकाश लिहा. तीनदा चुकलं की खातं गोठतं. एकदा झालंय.

…

एकतीस. … बत्तीस.

… हां. सहा… एक… पुढचं नऊ की सात? … तुमचंच अक्षर ना, मिसेस रीगर? … सात. नक्की? … पाच… तीन… शून्य.

आत गेले. मी आत गेले.

'नमस्कार, आर्लिन' असं आलंय… हो. स्क्रीनवर. मोठ्या अक्षरांत. … सांगायला नको होतं मी. … बरं. बरं, तुम्हाला आवडलं तर ठीक.

ठेवू नका अजून, फाइल चढली की मग. सगळे आकडे तयार आहेत. मास्क, टेस्टचं सामान, बाहेरून आणलेल्या नर्सचे पगार… चढतेय… चढली. शेवटचं पान.

हं.

…नाही, काही नाही. म्हणजे आहे. इथे लिहिलंय, 'मी, आर्लिन जे. रीगर, शपथेवर सांगतो की वरील सर्व माहिती सत्य आहे.' आणि पुढे चौकोन. त्यात खूण करायची. … नाव इथे नाही बदलत. मागे जाऊन जबाबदार व्यक्ती बदलावी लागते, आणि त्याला परत कोड, परत याच नंबरवर.

ऐकू येतंय मला, डग. … मिसेस रीगर, डग म्हणतायत की वेळ नाही, खूण करून टाकू, नाव नंतर नीट करू. डग म्हणजे आमचे प्रमुख… हो, तेच, नेब्रास्काहून आलेले.

… हो, अर्थ तोच होतो. गेलेल्या माणसाने शपथ घेतली असा.

काय? … 'त्यात असं काय आहे जे त्या डगला स्वतःच्या नावाने नकोय.'

…

एक ओळ आहे. पार्किंगच्या डांबराची, अठ्ठावन्न हजार. तिथे टेस्टचा तंबू होता म्हणून तो साथीचा खर्च, असं म्हणणं आहे. मंगळवारी मी ती काढली होती. आज बघितलं तर फाइलमध्ये परत बसलीय. … तंबू होता ना, तीन महिने होता. पण डांबर त्यानंतर वर्षाने पडलं. पावतीवर तारीख आहे. … माझं काम काय? हेच. नियम पाळले जातायत की नाही ते बघणं. लॅबमधून इकडे आणलं, कारण मी तळटिपाही वाचते म्हणे.

…नाही. त्यांनी नसती केली सही. माझ्या हातमोज्यांच्या खोक्यालासुद्धा ते पावती मागायचे, आणि पावतीची तारीख वाचून मग मान हलवायचे.

… परत जाल? मिसेस रीगर, नीट ऐका, मी आता नाव बदललं की त्यांचं तिथून जाईल. कायमचं. 'नमस्कार, आर्लिन' पुन्हा कुणाला दिसणार नाही. … 'खोट्याखाली नाव असण्यापेक्षा नसलेलं बरं.' … बरं. हो. जा तुम्ही. कोड पाठवलाय मी.

…

अडतीस. डग, ती ओळ मी काढतेय. … हो, अठ्ठावन्न हजार परत द्यावे लागतील. तेवीस लाखांपेक्षा कमी आहेत. … मग तुमचं नाव घालू का? जबाबदार व्यक्ती म्हणून? पूर्ण नाव सांगा, टाइप करते. … डग?

… बरं. माझं घालते.

… आडनाव तीनदा लिहिलं. आता बरोबर आहे.

हां, आलात. बोला. … आलाच नाही? … नेटवर्क किती दाखवतंय, एकच रेघ? खिडकीजवळ न्या… हो, चार्जर. वायर पुरत नाही का तिथपर्यंत? … नाही, ते कपाट नका ओढू, ऐका, तुमची कंबर… मिसेस रीगर? … मिसेस रीगर?

गेल्या.

बेचाळीस. … चव्वेचाळीस. … डग, कृपा करून टेबलावर बोटं वाजवू नका.

… काय पडलं ते? हॅलो? मिसेस रीगर, मोठा आवाज आला. हॅलो? … सेहेचाळीस. अँब्युलन्स पाठवायला हवी का. डग, खाली विचारा ना गाडी आहे का. मी फोन नाही ठेवू शकत… हॅलो?

आहात. देवा. लागलं का? … दिवा पडला फक्त. तुम्ही नाही पडलात ना? … दम घ्या. घ्या, घ्या दम, वेळ आहे. … नाही, खरं तर फार नाही.

दोन… दोन… आठ… शून्य… एक… चार. मी परत म्हणते. दोन दोन आठ, शून्य एक चार. दाबते.

… घेतला.

आता वरती माझं नाव आहे. 'मी, मारेन के. टॉलेफसन, शपथेवर सांगते…' खाली बारीक अक्षरांत, माहिती खोटी आढळल्यास दंड किंवा कारावास… हो, तसं स्पष्टच लिहिलंय. … माझं वय? सव्वीस. सव्वीस पूर्ण. … वाचलंय हो, प्रत्येक ओळ, तीनदा. तरी खूण करवत नाहीये. लॅबमध्ये शंका आली तर नमुना परत लावता यायचा. इथे नाही लावता येत.

… ते? मिस्टर रीगर घाबरायचे? … दर वेळी? … सही करायच्या आधी बाहेर जाऊन गाडीत बसायचे. मला वाटायचं ते ट्रकमध्ये रेडिओ ऐकायला जातात. … इंजिनही चालू न करता. … हो का.

नाही, मला नाही जाता येणार गाडीत. सात मिनिटं राहिलीत.

खूण केली. … पाठवते.

पाठवलं. … गोल फिरतंय. … अजून फिरतंय. मिसेस रीगर, बोलत राहा ना काहीतरी. काहीही. … हो. … हं. … मग, तो दिवा फुटला का? … नुसती काच. हं. … त्यांच्या आईचा. …

थांबा.

तुमच्याकडे काही वाजलं? आतून, त्यांचा? … नाही? नक्की ना? बघून या… नको, राहू दे, ऐकू आलं असतं तुम्हाला.

माझा वाजला.

… वाचते. 'अहवाल मिळाला. वेळ चार छप्पन्न. धन्यवाद, मारेन. यापुढील सर्व सूचना आणि तपासणीची पत्रे याच नंबरवर येतील.'

… हो. तपासणीही. तीन वर्षांत केव्हाही येऊ शकते. … हो, मलाच बोलावतील.

… मोबाइल ना? तुम्ही कशाला बंद करताय? आम्हाला लागायचा संपला, एवढंच. तो तुमचा आहे. … नाही, मी पुन्हा नाही लावणार त्या नंबरवर. तुम्हाला घाबरवणार नाही. तुमच्या ओट्यावरच्या फोनवरच लावीन. … रविवारी? दिव्याची काच बघायला? … येईन.

काय? … हो. हो, मिसेस रीगर.

माझा मोबाइलही चार्जरला लावूनच ठेवीन.

ठेवते.