रांग दिसली की उभं राहायचं

लेकराचा फोटो काढायला मी हिंगोलीच्या स्टुडिओत नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं.

"केशर, पासपोर्टच्या फोटोला काहून नको म्हणून राहिलीस? आपला सुरज तिकीट काढून राहिला."

"न्हाई बा. त्या म्युनिकात मी हरवले तर? अन् खाऊ काय?"

"मी गेल्या साली तिथं दोन महिने पायी फिरलो न्हाई का? मेंढरं दाटतात तिथं चारा असतोच. रांग दिसली की उभा राहायचो. कधी भाजलेला मका भेटायचा, कधी गरम पाव."

"अन् रांग दुसऱ्याच कशाची निघाली तर?"

"निघाली की एकदा. लग्नाची! नवरा-नवरीसंगं हात मिळवला अन् केक खाल्ला."

मी लेकराच्या हातात बिस्किट कोंबलं, ऐकू यावं म्हणून.

"अवं, रिकाम्या हातानं?"

"काहून? नवरदेवाला माझी टोपी घातली. लई खुश झाला."

"वाऱ्यानं उडाली म्हणले होते ना तुमी ती! अन् नवरीला?"

"तिला मी काय देणार? ओटी बाईनंच भरावी लागते."

आतून हाक आली, "केशरबाई!"

त्या पदर सारखा करत उठल्या.

"आले हो. अवं, त्या पोरीचं घर हुडकता येईल का तुमाला?"