तर्कशास्त्र आवडलं तेव्हा

माझा जन्म लालबागचा, चाळीतला, मूळ गाव कणकवलीकडे, बाबा आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमन, मी नववीत असताना ते गेले. मग दादाने घर धरलं, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, माझगावला गोदीत कॉन्ट्रॅक्टवर होता, माझी फी त्यानेच भरली, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती तक्रार करायलाच बसलेय.

बारावीला मार्क कमी, म्हणून आर्ट्स, आणि तिथे पहिल्या वर्षाला तर्कशास्त्राचा पेपर सक्तीचा. काय सांगू तुम्हाला! आठ दिवस मी मागच्या बाकावर नुसती पेंगत होते. मग एकदा मॅडमनी फळ्यावर लिहिलं, काही आणि सगळे, आणि म्हणाल्या, माणसं दिवसभर ‘काही’चं ‘सगळे’ करत असतात, घरी जाऊन ऐका. मी ऐकलं. खालच्या काकू म्हणत होत्या, उशिरा घरी येणाऱ्या मुली वाया जातात. मी म्हटलं, काकू, तुमची सुनीता नर्स आहे, तीही उशिराच येते, मग ती पण का? काकू बादली उचलून आत गेल्या, आणि दादा हसून हसून लोळला, म्हणाला, आमच्यात वकिलीणबाई जन्माला आली. मग रोज कामावरून आला की विचारायचा, आज काय शिकलंस गो, आणि मी चपात्या लाटता लाटता सांगायची. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला डोकं आहे. त्या पेपरात पहिली आले मी, पहिली! मॅडम म्हणाल्या, शेवटच्या वर्षाला तत्त्वज्ञानच घे. दादा म्हणाला, घे, मी आहे.

फॉर्म ऑनलाइन, माझ्याकडे फोन नव्हता, नंबर दादाचा दिलेला. यादी लागली तर माझं नाव अर्थशास्त्रात. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तूच बदललंयस, ओटीपी टाकून. घरी येऊन दादाला विचारलं, तर म्हणे कम्प्युटरची चूक असेल. मी म्हटलं, ओटीपी तुझ्या फोनवर येतो, फोन तुझ्या खिशात असतो, मग दुसरं कोण करणार? त्याने फोन खिशातून काढून पालथा ठेवला. मी जिंकले, आणि जिंकून मलाच रडू आलं. मग बोलला, त्या विषयाला नोकरी कुठाय, मी अजून किती वर्षं ओढू? आणि आई म्हणाली, त्याने मला विचारलं होतं, रविवारी आम्ही बसून ठरवलं, मीच हो म्हटलं. त्या रविवारी दोघांना चहा मी करून दिला होता हो, तिथेच होते मी, आमची खोली ती केवढी! विचारायचं राहिलं ते फक्त मला. झेपत नाही म्हणाला असता, तर मी माझ्या हाताने अर्थशास्त्र लिहिलं असतं, देवाशप्पथ.

मॅडम म्हणाल्या, विषय बदलून मिळायला अर्ज कर, पण त्यावर घरच्यांची सही लागते, ती कोण देणार? ते वर्ष कसंबसं काढलं.

आता परळला विम्याच्या ऑफिसात क्लेमचे कागद तपासते, कायम झालेय. दादाला राखी बांधते, त्याच्या मुलीच्या बारशाला पुढे होऊन राबले. तो चारचौघांत सांगतो, हिला मी लायनीला लावली, आणि मी हसते, खोटं नाहीच ते. सुखी राहो तो, त्याची पोर हवं ते शिको. पण त्या दिवसापासून मनातलं अक्षर मी त्याला सांगितलेलं नाही, माझं लग्न ठरलं तेसुद्धा त्याला आईकडून कळलं. त्याला वाटतं, मी आता शहाणी झाले.