मामांची दाढ

संशयी म्हणजे माणसानं किती असावं? आमचे मैंदर्गीचे मामा मेंढरू घ्यायचे, ते ओठ वर करून, दात बघूनच. त्यांची दाढ सडली म्हणून मी त्यांना सोलापुरात दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आ करा."

"आदी तुमी करा की!"

डॉक्टरांनी हसत तोंड उघडलं. मामांनी अंगठ्यानं ओठ वर केला, तर आत सगळी कवळी!

"ह्ये दात कुणाचं?"

"विकतचे आहेत."

मामांनी माझ्याकडे बघितलं. पण ठणका सोसवेना, म्हणून बसले. दाढ निघाली. डॉक्टर ती घेऊन आत गेले आणि रिकाम्या हातानं परतले. तसे मामा उठले आणि त्यांनी पुन्हा डॉक्टरांचा ओठ वर केला.

"अहो, आता काय?"

कापसाच्या बोळ्याआडून मामा म्हणाले, "माजी बसवली का काय, त्ये बगतोय!"