एकशे चौऱ्याऐंशी नंबरचं पान

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, वाचनालयाचे आजी-माजी कर्मचारी, नेमाने येणारे आणि नेमाने पुस्तकं उशिरा परत करणारे आमचे वाचक सभासद, आणि ज्यांच्यासाठी आज वाचनकक्षातल्या खुर्च्या उचलून इथे मांडल्या, ते आजचे सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणारे आमचे बाइंडर, म्हणजे आपल्या सगळ्यांचे दादा...

संदर्भ विभाग सांभाळणारा माणूस बोलायला उभा राहिला की लोक घड्याळ बघतात, हे मला ठाऊक आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक मिनिट ही नावं घेण्यात गेलं. उरलेली चार थोडी लांबतील, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आधीच्या तिन्ही वक्त्यांनी दादांच्या हाताचं कौतुक केलं. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ज्याची शिवण उसवली, पुठ्ठा गळाला, ज्याला मी 'रद्दीत काढा' असा शेरा मारला, असं पुस्तक दादांनी आठ दिवसांत उभं करून माझ्या टेबलावर ठेवलेलं मी शेकडो वेळा पाहिलंय. सव्वीस वर्षं आम्ही एका छताखाली काढली. माझं टेबल वर, त्यांची खोली जिन्याखाली. शनिवारी दुपारी वाचनालय बंद झालं की त्या जिन्याखालच्या खोलीत, दाबयंत्राच्या शेजारी, आमचा चहा व्हायचा. आणि चहाबरोबर काय व्हायचं, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. क्रिकेट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कसोटी क्रिकेटला शंभराहून जास्त वर्षं जगज्जेता असा नव्हताच. मालिका व्हायच्या, करंडक दिले जायचे, पण 'आज जगात पहिला कोण?' असं विचारलं तर प्रत्येक जण आपापल्या संघाचं नाव सांगायचा आणि भांडण व्हायचं. दादांनी एका शनिवारी साधी युक्ती काढली. पहिली कसोटी ज्याने जिंकली तो पहिला जगज्जेता. गादी त्याची. त्याला जो हरवेल, त्याच्याकडे गादी जाणार. सामना अनिर्णित राहिला तर गादी जागच्या जागी. बाकीचे संघ एकमेकांना किती का हरवेनात, गादीवर बसलेल्याला हरवल्याशिवाय काही मिळायचं नाही. आमनेसामने या, जिंका आणि घेऊन जा. आहे की नाही सरळ?

सरळ, पण काम केवढं! आमच्याकडे क्रिकेटच्या वार्षिकांचे जुने खंड आहेत, पहिल्यापासूनचे. मी खंड उघडायचो, सामना वाचायचो, वहीत उतरवायचो. दादा शेजारी बसून पडताळायचे. मी म्हणायचो, 'गादी गेली.' ते म्हणायचे, 'बरोबर.' अशी अडीच वर्षं गेली. अठरा वर्षांपूर्वी यादी पुरी झाली, सुवाच्य अक्षरात मी ती वाचनकक्षाच्या फलकावर लावली. खाली लिहिलं, 'पडताळणी : दादा.' त्या दिवशी मला जे वाटलं ते मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. बायको दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिने हे आधीही ऐकलंय.

इथे मी संघांची नावं घेत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सभागृहात सगळ्याच संघांचे भक्त बसलेत, आणि खुर्च्या वाचनालयाच्या आहेत.

तर, यादी एका रविवारी वर्तमानपत्रात छापून आली. माझ्या नावाने. आणि आठवड्याभरात मला एक पत्र आलं. गणिताच्या एका मास्तरांचं. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या यादीत एक सामना राहिला आहे. त्या सामन्यात गादीवरचा संघ हरला, आणि ज्याला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं अशा लहानशा संघाकडे चौदा महिने गादी होती. मी तो सामना रेडिओवर ऐकला आहे. कृपया तपासावे.'

मी तपासलं. लगेच खंड काढला, पानं उलटली. सामना नव्हता. मग मी मास्तरांना चार पानी उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते आज मला तोंडाने म्हणवत नाही, पण म्हणतो. मी लिहिलं, 'गणिताच्या शिक्षकाने मोजण्यात चूक करावी, हे आश्चर्य आहे. रेडिओवर ऐकलेलं आणि छापलेलं यात वाचनालय छापलेल्यावर विश्वास ठेवतं.' पत्र दादांना वाचून दाखवलं. दादा म्हणाले, 'जरा कडक झालंय.' मी म्हटलं, 'कडकच पाहिजे.' टपालपेटीत ते त्यांनीच टाकलं.

मास्तरांचं पुन्हा उत्तर आलं नाही. मी कॉलर ताठ करून फिरलो. इथल्या कितीतरी जणांना मी हा किस्सा सांगितलाय. 'मास्तरांची दांडी गुल केली,' असं म्हणून सांगितलाय. तुम्ही हसलात. दादाही हसायचे. अठरा वर्षं हसले.

अध्यक्ष महोदया, एकच मिनिट. मला बसवू नका. मी ठीक आहे.

तीन आठवड्यांपूर्वी दादांच्या खोलीतल्या सामानाची नोंद करायला मी खाली गेलो. नवीन बाइंडर येणार, ताबा द्यायचा. दाबयंत्र एक, कात्र्या तीन, दाभण पाच, दोऱ्याची रिळं, खळीचं भांडं. दादा कापडाचे तुकडे मोजत होते. सगळ्यात खालचा खण मी उघडला. त्यात कापडी पुठ्ठ्याची एक छोटी वही होती, सोळा पानांची, दादांच्या हातची, सुंदर शिवलेली. आत गादीची यादी. सगळी नाही, फक्त काही वर्षांची. आणि त्या यादीत मास्तरांचा तो लहानसा संघ होता. चौदा महिने. पहिल्या पानावर तारीख होती, आम्ही फलकावर यादी लावली त्याच आठवड्यातली.

वहीत एक पाकीट होतं. पत्ता माझ्या नावाचा. फोडलेलं. मास्तरांचं दुसरं पत्र. लांबलचक नव्हतं. 'रागावू नये. माझ्याकडे त्याच वार्षिकाची प्रत आहे. आपण पान एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे पंच्याऐंशी पाहावे.'

मी वर गेलो, खंड काढला. एकशे त्र्याऐंशी. पान उलटलं. एकशे शहाऐंशी. मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मी संदर्भ विभाग सांभाळतो, आणि मी पानांचे आकडे पाहिले नव्हते. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही. पण दादा, ओल लागून चिकटलेलं पान कसं दिसतं आणि खळ लावून चिकटवलेलं कसं दिसतं, हे तुम्हीच मला शिकवलंय. कडेने बोट फिरवलं तरी कळतं. ही पानं खळीने चिकटवलेली आहेत.

मी खाली येऊन विचारलं. दादांनी नाकारलं नाही, एवढं श्रेय त्यांना देतो. म्हणाले, 'आधी ओलीनेच चिकटली होती. यादी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी खंड दुरुस्तीला घेतला, तेव्हा मी ती सोडवली. सामना दिसला.'

'मग?'

'मग परत चिकटवली.'

'का?'

'वहिनी तेव्हा हॉस्पिटलात होत्या. तुमच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू बघितलं होतं, त्या फलकापाशी. म्हटलं, राहू दे.'

'आणि माझ्या नावाचं हे मास्तरांचं पत्र?'

'टपालात ते माझ्या हाती लागलं तेव्हा उशीर झाला होता. आधी बोललो नाही, मग आता कसं बोलू?'

मंडळी, तुमच्यापैकी काहींचे डोळे पाणावले, मला इथून दिसतंय. माझेही पाणावले असते. पण वहिनी बऱ्या होऊन सतरा वर्षं झाली. त्या या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि मघापासून मला डोळ्यांनी 'खाली बस' म्हणतायत. सतरा वर्षांत आठशेच्या वर शनिवार येतात. एकाही शनिवारी चहा पिताना तोंड उघडता आलं नाही?

दादांनी आणखी एक सांगितलं, आणि ते हिशेबाने बरोबर आहे, म्हणून सांगतो. म्हणाले, 'चूक होती तिथे गादीचे दोन रस्ते झाले, कबूल. पण पाच-सहा वर्षांनी दोन्ही रस्त्यांवरचे गादीवाले एकमेकांशी खेळले. एक हरला. तिथून पुढे तुमच्या यादीतही तोच विजेता आणि माझ्या वहीतही तोच. आजचा जगज्जेता दोन्हीकडे एकच आहे. मग बिघडलं काय?'

काय बिघडलं?

मी मास्तरांचा पत्ता शोधून त्यांच्या घरी गेलो. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. दार त्यांनीच उघडलं. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, 'या, या, वाचनालयवाले.' मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, 'दुसऱ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं, माझ्या प्रतीतच काहीतरी गडबड असेल. वाचनालय कसं चुकेल? तो सामना मी आणि माझ्या धाकट्या भावाने शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकला होता. भाऊ म्हणायचा, झाला होता, आपण ऐकलाय. मी त्याला म्हणायचो, अरे, लहान होतो आपण, काहीतरी भलतंच ऐकलं असेल. शेवटपर्यंत त्याला तेच म्हणत राहिलो. तो गेला चार वर्षांपूर्वी.'

दादा, हे बिघडलं. एका माणसाने आपल्या कानांवर विश्वास ठेवणं सोडलं आणि सख्ख्या भावाला खोटं पाडलं. माझ्या चार पानांमुळे. आणि तुझ्या खळीमुळे. तू मला सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी दुखावलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, आणि मग फलकावरची यादी उतरवून नवी लिहिली असती. एवढंच झालं असतं. मी काय काचेचा होतो? तुला माझी कीव आली. सव्वीस वर्षं ज्याला मी जोडीदार समजत होतो तो माझ्याकडे बघून 'बिचारा' म्हणत होता, आणि मी समोर बसून त्याच्या हातचा चहा पीत होतो. ते हसू ज्याच्यासाठी तू जपलंस, तो मी नव्हतोच. सत्य पेलवणार नाही असा कुणीतरी दुसराच माणूस तू माझ्या जागी बसवलास. माझा विश्वासघात झालाय, आणि त्यात दुष्टपणा नव्हता, म्हणून मला धड भांडताही येत नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

क्षमस्व. 'तुम्ही' म्हणायला हवं होतं. व्यासपीठ आहे.

मास्तर आज इथे आले आहेत. तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलतो. मास्तर, मी तुम्हाला जे लिहिलं त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. तुम्ही ऐकलेला सामना झाला होता. तुमचा संघ जिंकला होता. चौदा महिने तो जगात पहिला होता. तुमचे भाऊ बरोबर होते.

दादांना वाचनालयातर्फे भिंतीवरचं घड्याळ द्यायचं आहे, ते अध्यक्षांच्या हस्ते होईल. माझ्यातर्फे टेबलावर हा खंड ठेवला आहे, आणि शेजारी त्यांचीच पातळ सुरी आणि ओलं फडकं. पानं मी सोडवलेली नाहीत. फाटली असती, माझा हात तसा नाही. दादा, हे तुमचं शेवटचं काम. मास्तरांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवली आहे. तिथे बसा, त्यांच्या डोळ्यांदेखत ती पानं सोडवा, आणि सामना त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मी पडताळायला येणार नाही. पुढच्या शनिवारी तुमच्या घरी चहाला येईन की नाही, तेही आज सांगत नाही. मलाच माहीत नाही.

अध्यक्ष महोदयांनी मला थांबवलं नाही, प्रमुख पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी समारंभाला आलेल्या माणसांनी ऐकायला नको ते शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. भाषण संपवताना, काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची आपली पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. माझं काही चुकलं असेल, तर कृपा करून पोटात घालू नका. मी इथेच दाराशी उभा आहे. जाण्याआधी मला तोंडावर सांगा.