मामांची पगडी आधी निघाली

मुहूर्ताला हसताय? मग चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल.

आमचे गिरगावचे मामा मुलीसाठी स्थळ बघायला नागपूरला निघणार होते. मुहूर्त सोमवारचा आणि रजा मिळाली गुरुवारची. मग काय, सोमवारी त्यांनी आमच्याकडे कल्याणला प्रस्थान ठेवलं. म्हणजे नवी पगडी आणि मुलीची पत्रिका गाठोड्यात बांधून आणून दिली. सामान मुहूर्तावर निघालं की माणूस निघाला, असं शास्त्र!

"गुरुवारी गाडीवर आणून दे," मामा म्हणाले. "मी बोडकाच येईन. खिडकीत उघडं डोकं दिसलं, की गाठोडं आत!"

गुरुवारी स्टेशनात दोन गाड्या उभ्या. शिट्टी झाली तसा मी धावलो. एका खिडकीत उघडं डोकं डुलक्या घेत होतं, त्याच्या मांडीवर गाठोडं टाकलं. तेवढ्यात पलीकडच्या गाडीतून मामा ओरडले, "अरे गाढवा, ती पुण्याची!"

दोन्ही गाड्या सुटल्या. नागपुरात मामांचं बोडकं डोकं बघून त्या मंडळींना वाटलं, हे सुतकातलं उघडं डोकं, घरात कुणी गेलंय. स्थळ हातचं गेलं.

मी महिनाभर गिरगावाकडे फिरकलो नाही. मग बोलावणं आलं. घाबरत गेलो, तर मामांनी पेढाच पुढे केला. पत्रिकेवरचा पत्ता बघून पुण्याच्या त्या गृहस्थांचं पत्र आलेलं: 'पगडी सुखरूप आहे. पत्रिका आमच्या चिरंजीवांशी उत्तम जुळते.'

"मामा, माझी चूक झाली खरी..."

"तुझी कसली रे? मुहूर्तावर निघाली होती ती पगडी. ती बरोब्बर पोचली. मीच उगाच नागपूरला जाऊन आलो!"